यमाला मंडपात येऊ द्या

इ.स.पू. 405. युद्धानं अथेन्स टेकीला आलेलं. तेव्हा ॲरिस्टोफेनिसच्या ‘फ्रॉग्ज’ या नाटकात नाट्यदेव डायोनिसस सिंहाचं कातडं पांघरून, गुलामासह पाताळात उतरला. आणायचा होता दिवंगत नाटककार युरिपिडिस. तिथं त्याच्या आणि एस्किलस या दुसऱ्या नाटककाराच्या ओळी तराजूत तोलल्या गेल्या आणि वर आला एस्किलस.

मराठीत उलटं घडलं.

2012 मध्ये आलेल्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकात यमच शिवाजी महाराजांचा विचार न्यायला भूतलावर येतो. संकल्पना संभाजी भगत यांची, लेखन राजकुमार तांगडे यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, कलावंत जालन्याकडचे. हशा पिकतो आणि महाराजांच्या नावावर राजकारण करणाऱ्यांची झाडाझडतीही होते.

ही थट्टा पुण्या-मुंबईपुरती राहू नये. मोहोळसारख्या तालुक्याच्या गावी, शिवजयंतीच्या मंडपात, डीजेच्या खर्चातून वाटा काढून मंडळांनी असे प्रयोग लावावेत.