सच्च्या कॅप्टनचे काय करायचे?

बुर्किना फासो या पश्चिम आफ्रिकी देशाची राजधानी वागाडुगू. तिथल्या शार्ल द गॉल यांच्या नावाच्या मोठ्या रस्त्याला ऑक्टोबर 2023 मध्ये कॅप्टन थॉमस सांकारा यांचे नाव देण्यात आले. नाव देणारे सरकारही एका कॅप्टनचेच. सप्टेंबर 2022 मध्ये बंड करून सत्तेवर आलेले इब्राहिम त्राओरे तेव्हा 34 वर्षांचे होते. सांकारा 4 ऑगस्ट 1983 रोजी सत्तेवर आले तेव्हा त्यांचे वय होते 33. लाल टोपी, लष्करी पोशाख, फ्रान्सच्या नावाने बोटे मोडणे, सगळे बेतून जुळवलेले. त्यामुळे सांकारा थोर होते की नव्हते, हा वाद आता इतिहासाच्या प्राध्यापकांपुरता राहिलेला नाही. उत्तर ‘होते’ असे आले की त्यावर हक्क सांगायला आजचा सत्ताधारी तयार बसलेला आहे.

सांकारांची बाजू लंगडी नाही, हे आधी मान्य करू. झाईरचे मोबुटू आपल्या गावी धावपट्टी बांधून तिथे काँकॉर्ड विमान उतरवत होते, त्याच काळात या माणसाने सरकारी मर्सिडीज मोटारी काढून टाकल्या आणि मंत्र्यांना रेनो 5 या लहानशा स्वस्त गाडीत बसवले. गावप्रमुखांना मिळणारी खंडणी आणि वेठबिगार बंद केली. 1984 च्या अखेरीस अवघ्या दोन-तीन आठवड्यांच्या मोहिमेत लाखो मुलांना गोवर, मेंदूज्वर आणि पीतज्वराच्या लसी टोचल्या गेल्या. मुलींची सुंता आणि सक्तीचे विवाह यांच्याविरुद्ध सरकार उभे राहिले. 22 सप्टेंबर 1984 रोजी तर पुरुषांना फर्मान निघाले, आज बाजारहाट तुम्ही करायचा. पिशवी घेऊन भाव विचारत फिरणाऱ्या नवऱ्यांची बायकांनी यथेच्छ टिंगल केली असेल. पण घर चालवायला काय पडते, हे त्या एका दिवसात काही जणांना तरी कळले असणार.

जुलै 1987 मध्ये आदिस अबाबा येथे आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांसमोर त्यांनी सांगितले की, परदेशी कर्ज फेडायचे नाही आणि हा नकार सर्वांनी मिळून द्यायचा. बुर्किना एकटा पडला तर पुढच्या परिषदेला मी नसेन, असेही ते म्हणाले. झालेही तसेच. 15 ऑक्टोबर 1987 रोजी वागाडुगूत बारा साथीदारांसह त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले गेले, ‘नैसर्गिक’. एवढा निर्लज्ज दाखला पाहिल्यावर मेलेल्याच्या बाजूने मन झुकणार नाही तर काय?

पण मन झुकले म्हणून हिशेब मिटत नाही. त्या चार वर्षांत एकही निवडणूक झाली नाही. पक्ष बाजूला सारले गेले. गल्लोगल्ली क्रांतिरक्षण समित्या आल्या. त्यांच्यातल्या पोरांच्या हाती बंदुका होत्या आणि त्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते. ‘लोकन्यायालये’ भ्रष्ट अधिकाऱ्यांचे खटले रेडिओवरून ऐकवत. तिथे आरोपीला वकील नव्हता, वर अपील नव्हते. जून 1984 मध्ये कटाच्या आरोपाखाली सात जणांना गोळ्या घातल्या गेल्या.

यातली सर्वांत बोलकी गोष्ट शिक्षकांची. मार्च 1984 मध्ये प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने आपले पुढारी पकडले म्हणून संप केला. सरकारने 1300 हून अधिक शिक्षक एका फटक्यात बडतर्फ केले आणि त्यांच्या जागी जुजबी प्रशिक्षण दिलेले ‘क्रांतिकारी शिक्षक’ वर्गांवर पाठवले. ज्या देशात लिहिता-वाचता येणारा माणूस शोधावा लागे, तिथे साक्षरतेची मोहीम काढणाऱ्या नेत्याने हे केले. ‘काळच तसा होता, फ्रान्स टपून बसला होता, शेजारचा आयव्हरी कोस्ट पाण्यात पाहत होता,’ असा बचाव नेहमी केला जातो. तो खोटा नाही. पण खडू हातात धरलेला मास्तर म्हणजे फ्रान्स नव्हे.

कापडाचेही तसेच. देशी कापसाचे, हातमागावर विणलेले ‘फासो दान फानी’ सरकारी नोकरांनी घालावे, असा आग्रह सांकारांनी धरला. आपल्याला लगेच खादी आठवते. फरक असा की, खादीमागे सरकारी हुकूम नव्हता आणि इथे होता. मग कर्मचारी एक जोड कचेरीतच ठेवू लागले; साहेब अचानक येताहेत म्हटले की चढवायचा. त्या पोशाखाला लोकांनी नावच पाडले, ‘सांकारा आले!’ हुकमाने विणकराला काम मिळाले, हे खरे. पण अंगावर कपडा चढवता येतो तसा मनात विचार चढवता येत नाही, हे कचेरीतल्या त्या जोडाने सांगितले होते. ऐकून घेण्याची सोय राज्यात ठेवलेली नव्हती.

इथेच सांकारांच्या पराभवाचे मूळ आहे. मार्च 1983 मध्ये दिल्लीच्या अलिप्त राष्ट्र परिषदेला ते पंतप्रधान म्हणून आले होते. दोन महिन्यांत त्यांना पदावरून काढून अटक झाली. ऑगस्टमध्ये त्यांचे मित्र ब्लेझ काँपाओरे यांनी पो येथील आपले सैनिक राजधानीत आणले आणि त्यांना खुर्चीवर बसवले. चार वर्षांनी त्याच काँपाओरे यांच्या माणसांनी त्यांना मारले. बंदुकीने दिलेली सत्ता बंदुकीने परत नेली. त्या दिवशी मध्ये पडू शकतील अशा कामगार संघटना, पक्ष, न्यायालये यांतले काय शिल्लक होते? जे होते ते सांकारांनीच मोडीत काढले होते. काँपाओरे यांनी ‘सुधारणा’ या नावाखाली घड्याळाचे काटे उलटे फिरवले, ते पुढे 27 वर्षे. माणूस सच्चा असला तरी सच्चेपणा सरकारी दप्तरात जमा करून मागे ठेवता येत नाही. मागे ठेवता येतात त्या संस्था, आणि त्या त्यांनी ठेवल्या नाहीत.

म्हणून त्यांना सामान्य हुकूमशहांच्या रांगेत बसवावे का? तेही चूक. हुकूमशहा गेला की त्याचे नाव बहुधा शिवीपुरते उरते. सांकारांचे नाव त्यांच्या पश्चात अधिक कामाचे ठरले. घटनेतली कार्यकाळाची मर्यादा काढून टाकण्याचा घाट काँपाओरे यांनी घातला, तेव्हा ऑक्टोबर 2014 मध्ये लोक रस्त्यावर आले, संसद पेटली आणि काँपाओरे पळाले. त्या गर्दीत पुढे असलेल्या ‘नागरिकांचा झाडू’ या संघटनेने प्रेरणा मानली होती सांकारांची. यातली गंमत सुटू नये: जो नेता स्वतः कधी निवडणुकीला उभा राहिला नाही, त्याचे नाव घेऊन माणसे सत्तेची मुदत पाळली जावी म्हणून लढली. पुढच्या वर्षी काँपाओरेनिष्ठ सैनिकांनी बंड केले, तेही कामगार संघटना आणि तरुणांच्या विरोधापुढे टिकले नाही. एप्रिल 2022 मध्ये लष्करी न्यायालयाने सांकारांच्या हत्येबद्दल काँपाओरे यांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप ठोठावली. नैसर्गिक मृत्यूच्या दाखल्याला 34 वर्षांनी उत्तर मिळाले, आणि ते बंदुकीने नव्हे तर खटल्याने दिले.

आता त्राओरे. त्यांनी रस्त्याला नाव दिले, सांकारांना ‘राष्ट्रवीर’ ठरवले आणि जुलै 2024 मध्ये संपायची असलेली आपली मुदत पाच वर्षांनी वाढवून घेतली. जानेवारी 2024 मध्ये ‘नागरिकांचा झाडू’चे एक संस्थापक, वकील गी एर्वे काम यांना वागाडुगूच्या विमानतळावरून उचलण्यात आले. सांकारांचे नाव घेऊन हुकूमशहाला घालवणारा आत गेला, सांकारांची टोपी घालणारा खुर्चीत राहिला.

‘आपल्याकडेही असाच एक कडक आणि स्वच्छ माणूस हवा,’ असे म्हणणारे वागाडुगूत आहेत तसे पुण्या-मुंबईतही आहेत. स्वच्छ माणसाचे आकर्षण वाटण्यात गैर काहीच नाही. सांकारा स्वच्छ होते, धाडसी होते, गरिबांचे होते. माणूस म्हणून मोठेच होते. राज्यकर्ता म्हणून मात्र त्यांची उंची त्या बडतर्फ शिक्षकांपाशी कमी पडते. त्यांचे नाव घेऊन राज्य करू पाहणाऱ्या प्रत्येकाला म्हणून पहिला प्रश्न गाडी कोणती वापरता, हा विचारू नये. तुमच्या राज्यात मास्तरांनी संप केला तर दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी राहते का, हा विचारावा. सांकारांना या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे देता आले नाही. त्राओरे यांना तर हा प्रश्न विचारण्याचीही सोय नाही.