थंडाव्यात ठेवा, गोठवू नका

आमच्या आळीतल्या एका काकूंना साखरेचा आजार आहे. डॉक्टरांनी इन्शुलिन सुरू केले व "थंड जागी ठेवा" असे सांगितले. काकूंच्या घरी फ्रीज नाही, म्हणून त्यांनी कुपी शेजारणीकडे दिली. शेजारीण मनाची चांगली. जितके थंड तितके बरे, असे समजून तिने कुपी बर्फाच्या कप्प्यात ठेवली. काकू रोज नेमाने सुई टोचून घेत, पथ्य पाळत, पण साखर वाढतच गेली. घरातले त्यांनाच बोलत, "तुम्ही चोरून गोड खाता!" पंधरा दिवसांनी मी कुपी उजेडात धरली, तर आत गुठळ्या. खोट काकूंत नव्हती, औषधात होती.

असे का होते? इन्शुलिन हे प्रथिन आहे. अंडे एकदा उकडले की ते पुन्हा पातळ होत नाही. या औषधाचेही तसेच. ते उन्हाने बिघडते, गोठले तरी बिघडते, आणि वितळल्यावर त्याचा गुण परत येत नाही. गोळी करून दिले तर ते डाळीसारखे पोटात पचून जाईल, म्हणून टोचावे लागते. १९२१ साली टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट यांच्या प्रयोगांतून ते हाती आले. १९२३ मध्ये संशोधकांनी त्याचे हक्क विद्यापीठाला अवघ्या एकेका डॉलरला देऊन टाकले. असे औषध आपल्या अज्ञानाने वाया जाऊ नये.

न उघडलेली कुपी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवावी, २ ते ८ अंशांत. वापरातली कुपी घरातल्या थंड सावलीत साधारण चार आठवडे चालते, पण मे महिन्यात पत्र्याच्या घरात नाही. फ्रीज नसेल तर मातीच्या मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून आत लहान मडके ठेवावे व कुपी त्यात ठेवावी. कोकणची हवा दमट, म्हणून घाटावरल्याइतका गारवा मिळत नाही, तरी तापल्या फळीपेक्षा ते बरे. एस.टी.ने मुंबईला जाताना कुपी बर्फाला चिकटवून नेऊ नये.

दुधासारखे दिसणारे इन्शुलिन तळहातांत हळू घोळवावे, खळखळून हलवू नये. गुठळ्या दिसल्या, किंवा पाण्यासारखे स्वच्छ असणारे गढूळ झाले, तर ते टोचू नये. त्याच दिवशी दवाखान्यात दाखवून दुसरे घ्यावे. सुई आपल्या मनाने बंद करू नये.

सिरिंजही पाहून घ्यावी. ४० च्या कुपीला लाल टोपणाची ४० ची सिरिंज, १०० च्या कुपीला नारिंगी टोपणाची १०० ची. १०० चे औषध ४० च्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत भरले, तर अंगात २५ युनिट जातात. माणूस बेशुद्ध पडू शकतो.

दुसरे असेच औषध म्हणजे सर्पदंशाची लस. फुरशाला आपल्या जिल्ह्यात कोण ओळखत नाही? ही लस घोड्याच्या रक्तातून तयार करतात. परळच्या हाफकिनचे नाव त्यासाठी सर्वांना ठाऊक आहे. कोरड्या पावडरीची कुपी पाण्यात विरघळवताना नर्सबाई ती हळू फिरवत असतात. जोरात हलवली तर फेस येतो. नातेवाईक मात्र ओरडतात, "बाई, खेळत काय बसलात?" काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात, तेही रक्त गोठते की नाही हे पाहण्यासाठी. तो वेळकाढूपणा नव्हे. लस चालू असताना खाज, थंडी वा धाप लागली तर मात्र लगेच सांगावे. ही लस घरी किंवा वाटेत टोचण्याची नाही. दंश झालेला अवयव न हलवता माणसाला थेट रुग्णालयात न्यावे.

वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून दवाखान्यात द्याव्यात. कचरा उचलणारे हात बहुधा आपल्याच माणसांचे असतात.

काकूंची साखर आता आटोक्यात आहे. त्यांना वाचता येत नाही, म्हणून नवी कुपी उघडली की नात तीवर तारीख लिहिते. आपल्या घरातही एवढे काम शाळेत जाणाऱ्या मुलाकडे द्यावे.