काडतूस घरी भरायचं नसतं, भाऊ

सेनगाव असो की कळमनुरी, रानडुकरं आणि रोही सोयाबीन-हरभरा तुडवतात. शेतकऱ्याचा संताप रास्तच आहे. पण परवान्याची बंदूक आहे म्हणून रिकामी काडतुसं घरी भरू नका. फटाक्यातली दारू वेगळी, काडतुसातली वेगळी. जळायचा वेग चुकला की नळीच फुटते, हात जातो. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत तर सगळी जाणकार माणसं. तरी २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात माणसं गेली. शिवाय विनापरवाना काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे.

प्रशासनालाही सांगणं आहे: पंचनामे वेळेत करा, भरपाई लवकर द्या. हातात पैसा आला तर कोण कशाला जिवाशी खेळेल?

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका.