शंभराचं पंक्चर पाच हजारांवर नेऊ नका

अकोल्याहून वाशीम, हिंगोली करत नांदेडकडे जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आपल्या कनेरगाव नाक्यावरून जातो. विदर्भ इथे संपतो, मराठवाडा सुरू होतो. हळदीच्या गाड्या, सोयाबीनच्या ट्रॉल्या, शेगावला निघालेली कुटुंबं, औंढा नागनाथाचे आणि नरसीचे भाविक, सगळी वर्दळ याच रस्त्यावर. गाडी आता घरोघरी आली आहे. नवी नाही तर जुनी, पण दारात चारचाकी उभी आहे. म्हणून गाडीवाल्या सगळ्या बंधू-भगिनींना एक कळकळीची विनंती करायची आहे.

पंक्चर झालं की आपला पहिला प्रश्न असतो, "किती घेणार?" हा प्रश्न तिसरा असायला हवा. आधी दोन प्रश्न स्वतःला विचारा. भोक टायरच्या कोणत्या भागात आहे? आणि हवा गेल्यावर गाडी किती चालली? पंक्चरचा खरा खर्च या दोन उत्तरांवर ठरतो.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं. चाक बसल्याचं लक्षात येतं, स्टेअरिंग एका बाजूला ओढतं, मागून फट्‌फट्‌ आवाज येतो. तरी आपण म्हणतो, दोन किलोमीटरवर दुकान आहे, हळूहळू नेऊ. हे करू नका. हवा नसलेल्या टायरच्या बाजूच्या भिंतीवर गाडीचं सगळं वजन येतं. ती भिंत रिम आणि रस्ता यांच्या मधे चेंगरते, तापते आणि आतून सोलवटते. टायर उघडला की आत काळा भुसा सांडलेला दिसतो, तो त्या भिंतीचाच चुरा असतो. तसा टायर पंक्चर काढून वापरायच्या लायकीचा राहत नाही. वरून धडधाकट दिसतो, पण पुढे भर वेगात फुटू शकतो. शंभर-दीडशे रुपयांत भागणारं काम चार-पाच हजारांच्या नव्या टायरवर जातं ते असं. हवा गेली असं वाटताच गाडी रस्त्याच्या कडेला घ्या आणि जागेवरच चाक बदला.

आता भोक कुठे आहे ते पाहा. टायरचा जो पट्टा रस्त्याला टेकतो, त्याच्या मधल्या भागातलं पंक्चर निघतं. खांद्यावरचं, म्हणजे पट्टा संपून भिंत सुरू होते तिथलं, आणि भिंतीवरचं पंक्चर काढून घेऊ नका. तो भाग प्रत्येक फेऱ्याला वाकतो, तिथे कोणतीच दुरुस्ती टिकत नाही. भोक सहा मिलिमीटरपेक्षा मोठं असेल, तर मधल्या भागातही दुरुस्तीचा भरवसा धरू नये. भिंतीला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात. त्याला इलाज नाही, टायर बदलावाच लागतो.

आपल्याकडच्या पंक्चरचं एक खास कारण आहे. तुरीची नाहीतर पऱ्हाटीची कापणी झालेल्या रानात आपण गाडी थेट बांधापर्यंत नेतो. कापलेली धसकटं तिरपी आणि टोकदार असतात. ती पट्ट्यात न घुसता बऱ्याचदा बाजूच्या भिंतीत घुसतात, आणि तिथला टायर गेला की गेलाच. बाभळीचा काटा वेगळा त्रास देतो. तो आत मोडून राहतो आणि हवा एकदम न जाता रोज थोडी थोडी उतरते. एकाच चाकाची हवा आठवड्याला कमी होत असेल, तर नुसती हवा भरत राहू नका, चाक तपासून घ्या. कापणीनंतरच्या दिवसांत गाडी रस्त्यावर लावून रानात चालत गेलेलं परवडतं.

आता दुरुस्तीच्या पद्धती. आजच्या बहुतेक गाड्यांना ट्यूबलेस टायर असतात. त्यांचं पंक्चर दोन प्रकारे निघतं.

पहिली पद्धत स्ट्रिपची. चाक गाडीवर असतानाच कारागीर पकडीने खिळा ओढून काढतो. खिळा कोणत्या तिरकस दिशेने शिरला होता हे तो लक्षात ठेवतो, कारण टोचा त्याच दिशेने घालावा लागतो. टोच्याने भोक साफ होतं. मग सुईच्या नेढ्यात ओवलेली, सोल्युशन लावलेली चिकट स्ट्रिप आत रेटतात आणि सुई झटक्यात बाहेर ओढतात. बाहेर राहिलेली टोकं कापून साबणाचं पाणी टाकतात. बुडबुडा आला नाही की काम झालं. पाच-दहा मिनिटांचं काम, आणि चारचाकीला साधारण शंभर ते दीडशे रुपये लागतात. वाटेत अडकलेल्याला हीच पद्धत तारते.

पण ती कशासाठी आहे हे नीट समजून घ्या. स्ट्रिप भोक बुजवते, पण हवा धरून ठेवणारा आतला रबरी थर सांधत नाही. फटीतून पाणी आत झिरपलं तर टायरमधल्या पोलादी तारा गंजतात. टोचा आडवातिडवा फिरवला तर त्या तारा तुटतातही. शिवाय टायर आतून खराब झाला आहे का, हे चाक न उघडता कळतच नाही.

दुसरी पद्धत आतून पॅच लावण्याची. तिला मशरूम पॅच म्हणतात. टायर रिमवरून उतरवतात, आतली जागा घासून खरबरीत करतात, सोल्युशन लावून सुकू देतात. मग देठासकट पॅच आतून ओढून रोलरने दाबून बसवतात. देठ भोक भरतो आणि पॅच आतला थर सांधतो. साधारण तीनशे ते पाचशे रुपये लागतात, अर्धा तास मोडतो, आणि नंतर बॅलन्सिंग करून घेतलेलं बरं. गाडी लांबच्या प्रवासाला जाणार असेल, महामार्गावर वेगाने पळणार असेल, तर हेच काम करून घ्या. वाटेत स्ट्रिप लावली असली तरी घरी आल्यावर सवडीने चाक उघडून आतून पॅच मारून घ्यावा. गावागणिक दरात फरक पडेल, पण दोन्ही कामांतलं अंतर दोनशे ते चारशे रुपयांच्या आसपासच आहे. चालत्या गाडीत बसलेल्या माणसांच्या तुलनेत ही रक्कम काहीच नाही.

दुकानावर काम चालू असताना चाकाजवळ उभे राहा. काम सुरू व्हायच्या आधी विचारा, एका स्ट्रिपचे किती? "तीन पंक्चर निघाले" असं कोणी सांगितलं, तर प्रत्येक भोकावर साबणाचं पाणी टाकून बुडबुडा दाखवायला सांगा. निघालेला खिळा मागून घ्या. यात कोणाचा अपमान नाही. उन्हातान्हात रस्त्याच्या कडेला बसून इमानदारीने काम करणारे पंक्चरवाले भरपूर आहेत. त्यांना उलट असं गिऱ्हाईक आवडतं, कारण चोख कामाची कदर होते. त्यांनाही विनंती आहे. भिंतीवरचं पंक्चर गिऱ्हाइकाने कितीही गळ घातली तरी काढून देऊ नका. आतून भुसा निघाला तर तो दाखवा आणि स्पष्ट सांगा की हा टायर चालणार नाही.

जागेवर चाक बदलायचं तर जिवाची काळजी आधी. गाडी डांबरावरून पूर्ण खाली घ्या, चारही इंडिकेटर चालू करा, लाल त्रिकोण बराच मागे ठेवा. बायकामुलांना उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा. हॅन्डब्रेक ओढा, विरुद्ध बाजूच्या चाकाला दगड लावा. नट आधी जमिनीवरच सैल करा, मगच जॅक चढवा. जॅकवरच्या गाडीखाली अंग घालू नका. नट आवळताना एका ओळीने नको, समोरासमोरचे आवळा, आणि पन्नासेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासा. जागा अडचणीची असेल, रात्र असेल, तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर फोन करून मदत मागता येते.

स्टेपनीकडेही लक्ष द्या. वर्ष वर्ष ती डिकीत पडून असते आणि गरजेच्या वेळी तिच्यातच हवा नसते. काही गाड्यांची स्टेपनी लहान असते, तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. ती फक्त दुकानापर्यंत पोहोचण्यासाठी असते, महिनाभर फिरण्यासाठी नाही. २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल, तर छोट्या गाड्यांना स्टेपनी सक्तीची राहिली नाही. म्हणून गाडी घेताना स्टेपनी आहे की नुसतं किट, हे विचारून घ्या. किटच असेल तर ते वापरायला शिकून घ्या.

हवा किती भरायची ते चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. ती चाकं थंड असताना मोजावी. गाडी पळून आल्यावर आकडा वाढतो, म्हणून तापलेल्या टायरची हवा सोडू नका. कमी हवा, जास्त माणसं, उन्हाळ्याचं तापलेलं डांबर आणि वेग हे चार एकत्र आले की टायर फुटतो. वाशीम जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर चढण्याआधी तर हे पाहिलंच पाहिजे. गोटा झालेला टायर घेऊन तिथे जाऊ नका. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही तो टायर बाद होतो. खाचेत मधे मधे लहान उंचवटे असतात. पट्टा झिजून त्यांच्या बरोबरीला आला की बदलायची वेळ झाली.

या रविवारी अर्धा तास काढा. चारही चाकांची आणि स्टेपनीची हवा मोजा, जॅक आणि पाना जागेवर आहेत का बघा. घरात जो जो गाडी चालवतो त्या प्रत्येकाला, लेकी-सुनांनाही, अंगणात एकदा चाक बदलायला लावा. नुसतं दाखवू नका, त्यांच्या हातून करून घ्या. रात्री-बेरात्री रस्त्यावर एकटं पडल्यावर शिकायची ही गोष्ट नाही.