गाळलेल्या गावांची यादी

इटलीला जाण्याचे आम्हां दोघांचे ठरले, तेव्हा सर्वांत आधी लिहावे लागले ते प्रवासवर्णन. शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत दिवसवार कार्यक्रम जोडावा लागतो. कोणत्या रात्री कोणत्या शहरात मुक्काम, त्याची आरक्षणे, किमान ३० हजार युरोंचा विमा, बँकेचे खातेउतारे. न पाहिलेल्या शहरांविषयी इतक्या ठामपणे लिहिण्याची वेळ आमच्यावर आजवर फक्त वर्गात आली होती. आयुष्यातील बरीच वर्षे साहित्य शिकवण्यात गेल्यामुळे दान्तेचे फ्लॉरेन्स आणि शायलॉकचे व्हेनिस आम्ही फळ्यासमोर कितीतरी वेळा उभे केले. शेक्सपिअरने तरी व्हेनिस पाहिल्याचा पुरावा कुठे आहे, एवढाच काय तो आमचा आधार.

पहिल्या यादीत अकरा रात्री आणि सात शहरे होती: मिलान, व्हेनिस, बोलोन्या, फ्लॉरेन्स, पिसा, रोम, नेपल्स. शिवाय समासात पेन्सिलीने लिहिलेले रावेन्ना. रेल्वेचे वेळापत्रक ही यादी सहज पेलते. 'फ्रेच्चारोस्सा', म्हणजे लाल बाण, ही तेथील सरकारी कंपनीची वेगवान गाडी. २०१२ पासून 'इतालो' ही खासगी गाडीही तिच्याशी स्पर्धा करते. फ्लॉरेन्सहून रोम सुमारे दीड तास, रोमहून नेपल्स तासाभराहून थोडे अधिक. बोलोन्याहून फ्लॉरेन्सला तर चाळीस मिनिटेही पुरतात. आपल्या पुणे-लोणावळा लोकलच्या जवळजवळ निम्मा वेळ. मग नकार द्यायचा कोणत्या गावाला, आणि का?

आमचे म्हणणे असे की, खरे नियोजन या प्रश्नापाशीच सुरू होते. वेळापत्रक काय शक्य आहे ते सांगते. काय करण्याजोगे आहे, हे सांगणे त्याचे काम नव्हे. ज्यांनी कधी अभ्यासमंडळावर काम केले आहे त्यांना हा पेच नवा नाही. एका सत्रात आठ कवींची एकेक कविता लावावी, की दोन कवी नीट वाचून घ्यावेत? पहिल्या पर्यायात कोणी दुखावत नाही, कोणी सुटत नाही, आणि परीक्षेनंतर विद्यार्थ्यांच्या मनात कोणी उरतही नाही. तरीही बहुतेक वेळा मंजूर होतो तो पहिलाच, कारण गाळण्याची जबाबदारी घ्यायला कोणी तयार नसते. संपादकाची भूमिका त्याने काय घेतले यापेक्षा त्याने काय सोडले यातून अधिक कळते, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र आम्हीही सात शहरे लिहून मोकळे झालो.

येथे सामुदायिक सहलींची टवाळी करण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. आठवड्याभरात अर्धा युरोप दाखवणाऱ्या त्या बसनेच आमच्या आधीच्या पिढीतील कितीतरी माणसांना परदेशी जाण्याचे धैर्य दिले. भाषा येत नाही, जेवण मानवेल की नाही ठाऊक नाही, अशा अवस्थेत रात्री वरणभात समोर येणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आणि घाईचा आरोप केवळ त्यांच्यावर करावा, तर गटेचे काय करायचे? ३ सप्टेंबर १७८६ रोजी पहाटे, कोणाला न सांगता, तो कार्ल्सबादहून इटलीच्या दिशेने निघाला. बोलोन्याहून ॲपेनाइन पर्वत ओलांडून फ्लॉरेन्सला पोहोचला आणि काही तासांत तेथून पुढे निघाला, कारण त्याला रोम बोलावत होते. फ्लॉरेन्सला त्याने सवड दिली ती १७८८ मध्ये, परतीच्या वाटेवर. या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध होऊ लागले ते सुमारे तीस वर्षांनी, १८१६ मध्ये. घाई त्यालाही होती. पण ओलांडलेला पर्वत त्याला दिसला होता.

आम्हांला अडवले ते या पर्वताने. बोलोन्या आणि फ्लॉरेन्स यांच्यामधून आज रेल्वेचे तीन मार्ग जातात. पहिला १८६४ चा, पोर्रेत्ता या गावावरून वळसे घेत पिस्तोयाकडे उतरणारा. दुसरा १९३४ चा. त्यावर साडेअठरा किलोमीटरचा एक बोगदा आहे. तिसरा २००९ चा अतिवेगवान मार्ग. त्याचा ९० टक्क्यांहून अधिक भाग जमिनीखालून जातो. म्हणजे प्रत्येक नव्या मार्गाने वेळ वाचवला आणि त्या बदल्यात पर्वताचा आणखी काही भाग नजरेआड केला. आपला बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला, पोर्रेत्ताच्या मार्गाच्या आदल्याच वर्षी. पावसाळ्यात खंडाळ्याला खिडकीशी बसलेल्या माणसाला घाट म्हणजे केवळ मुंबई आणि पुणे यांच्यातील अडथळा वाटत नाही. तो घाट बोगद्यात घालून अर्धा तास वाचवू, असे कोणी म्हटले तर आपण लगेच हो म्हणू. आणि मग मुलांना घाट म्हणजे काय ते चित्र काढून दाखवू.

म्हणून बोलोन्या ते फ्लॉरेन्स हा टप्पा पोर्रेत्ताच्या जुन्या मार्गाने करायचा, असे ठरले. दोनदा गाडी बदलावी लागेल, अर्धा दिवस जाईल. डोंगरातल्या टप्प्यावर दरडींमुळे गाडीऐवजी बस सोडण्याचे प्रसंगही येतात. घाटाजवळ राहणाऱ्यांना याचे नवल वाटू नये. फ्लॉरेन्स ते रोम मात्र वेगवान गाडीनेच. या मार्गाचा पहिला भाग १९७७ मध्ये सुरू झाला, फ्रान्सच्या सुप्रसिद्ध वेगवान गाडीच्याही आधी, आणि त्याच्याविषयी आमची काही तक्रार नाही. वेगाशी आमचे वैर नाही. अकरा रात्रींत रोमपर्यंत पोहोचण्याची हिंमत आम्ही करतो आहोत ती वेगाच्याच भरवशावर. कोठे वेग घ्यावा आणि कोठे नाकारावा, हे तिकिटाच्या संकेतस्थळाने ठरवू नये, एवढाच आग्रह आहे.

या आग्रहाला एक व्यावहारिक बाजूही निघाली. वेगवान गाड्यांची तिकिटे विमानाप्रमाणे आधी काढली तर स्वस्त. पण सर्वांत स्वस्त तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, आणि व्हिसा मिळेल की नाही हे तोवर कळलेले नसते. प्रादेशिक गाड्यांचे भाडे अंतरावर ठरते. ते आज काढा की महिनाभर आधी, तेवढेच. आसन राखीव नसते. कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर दंड. व्हेनिस ते बोलोन्याही प्रादेशिक गाडीने थेट जाता येते. तेव्हा आधी पैसे गुंतवायचे ते एकाच टप्प्यात, तेही व्हिसा हाती आल्यावर.

मग शहरे गळू लागली. मिलान आणि पिसा फारशी कुरकुर न करता गेली. 'व्हेनिसला काय, सकाळी जाऊन संध्याकाळी परत' हा सल्ला अनेकांनी दिला. तो आम्ही मानला नाही. २०२४ पासून व्हेनिसने ठरावीक दिवशी, मुक्काम न करता येणाऱ्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात केली. पहिल्या वर्षी ते ५ युरो होते. अशा शुल्काने गर्दी हटेल की नाही हा वेगळा प्रश्न. पण 'जाऊन येऊ' या वृत्तीला एखाद्या शहराने उघडपणे आक्षेप घ्यावा, हे आम्हांला लक्षणीय वाटले. व्हेनिसला तीन रात्री दिल्या. तेथील पुलांना पायऱ्या असतात आणि आमच्यापैकी एकाचा गुडघा दुखरा आहे, म्हणून खोली स्थानकापासून पहिला पूल लागण्यापूर्वीच शोधली.

बोलोन्यालाही तीन रात्री. हे शहर अनेकांच्या यादीत केवळ गाडी बदलण्याचे ठिकाण असते. तेथील विद्यापीठ परंपरेने १०८८ पासूनचे मानले जाते आणि उंबेर्तो एको तेथे शिकवत असत, एवढे कारण आम्हां शिक्षकांना पुरेसे होते. पण दुसरे कारण स्थानकातच आहे. २ ऑगस्ट १९८० रोजी सकाळी १० वाजून २५ मिनिटांनी तेथील प्रतीक्षालयात नवफॅसिस्ट दहशतवाद्यांनी ठेवलेल्या बाँबचा स्फोट झाला आणि ८५ माणसे मरण पावली. सुट्टीचे दिवस होते. कितीतरी जण सहलीला निघालेले होते. बाहेरच्या भिंतीवरील घड्याळ त्या वेळेवरच थांबवून ठेवले आहे. ज्या स्थानकावर आपण गाडी बदलण्यासाठी फक्त घड्याळाकडे पाहणार, तेथील एक घड्याळ मुद्दाम चालत नाही. ते ओलांडून नऊ मिनिटांत पुढची गाडी पकडण्याचे वेळापत्रक आखणे आम्हांला जमले नाही.

खरा तंटा उरला तो रावेन्ना की नेपल्स याचा. आमच्यापैकी एकाने वर्षानुवर्षे दान्ते शिकवला. फ्लॉरेन्सने १३०२ मध्ये त्याला हद्दपार केले आणि १३२१ मध्ये तो रावेन्नात वारला. फ्लॉरेन्सच्या सान्ता क्रोचे चर्चमध्ये त्याचे भव्य स्मारक आहे, पण ते रिकामे आहे. १५१९ मध्ये मूळचा फ्लॉरेन्सचाच असलेल्या दहाव्या लिओ पोपने अस्थी नेण्यास परवानगी दिली, तेव्हा रावेन्नातील फ्रान्सिस्कन साधूंनी त्या आधीच काढून लपवल्या. त्या सापडल्या १८६५ मध्ये. आजही थडग्यावरील दिव्यासाठी दरवर्षी तेल फ्लॉरेन्सहून येते. फ्लॉरेन्समध्ये दान्ते पाहायचा आणि रावेन्ना वगळायचे, म्हणजे हद्दपारी वगळून तो काव्यग्रंथ शिकवण्यासारखे आहे. बोलोन्याहून प्रादेशिक गाडीने एका दिवसात रावेन्नाला जाऊन येता येते.

दुसरीला नेपल्स हवे होते. एलेना फेरान्तेच्या चार कादंबऱ्या तिने इंग्रजीतून वाचल्या होत्या, आणि परंपरेने व्हर्जिलची म्हणून दाखवतात ती समाधीही त्याच शहरात आहे. रोममधील तीन रात्रींतून एक दिवस नेपल्सला देणे सोपे होते. तसा प्रस्ताव ठेवण्यातही आला, काहीसा अपराधी भावनेने. त्यावर ती म्हणाली, "चार खंड वाचायला मला दोन महिने लागले. ते शहर मी एका दिवसात उरकणार नाही." मग रावेन्ना मात्र दिवसात उरकायचे, ही विसंगती नव्हे का? आहे. तिचे उत्तर असे की, रावेन्नाला आपण एका थडग्यापाशी जातो आहोत, नेपल्सला एका वस्तीत जायचे आहे. दोन्हींना लागणारा वेळ सारखा नाही. हे उत्तर पुरते पटले असे नाही. पण गाळण्याचा हक्क ज्याचे गळते त्याचाच असावा, हे पटले.

यात एक गोष्ट लपवू नये. 'पुढच्या वेळी पाहू' हे वाक्य पंचविशीत जितके सहज बोलता येते तितके आमच्या वयात येत नाही. गाळलेले गाव कदाचित कायमचेच गळते, हे आम्हां दोघांनाही ठाऊक आहे. सात शहरांची यादी मुळात ज्या भीतीने केली जाते ती हीच भीती, आणि ती खोटी नाही. पण सातही शहरे धावत पाहिल्याने ती भीती फिटत नाही. तिचे सात तुकडे होतात, एवढेच. न पाहिलेले नेपल्स आमच्याजवळ वाचलेले नेपल्स म्हणून उरेल. धावत पाहिलेले नेपल्स वाचलेल्या नेपल्सलाही पुसून टाकील, अशी आम्हांला शंका आहे.

शिवाय कार्यक्रम कितीही बांधेसूद केला तरी प्रवास त्याचे ऐकेलच असे नाही. इटलीत रेल्वेचे संप होतात. ते बहुधा आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडण्याची हमी असते. परतीच्या विमानाच्या दिवशी शहर बदलायचे नाही, एवढी काळजी आम्ही घेतली. बाकीच्या बाबतीत आमच्यासमोर गोडसे भटजी आहेत. वरसईहून ते निघाले यज्ञातल्या दक्षिणेच्या आशेने, आणि सापडले १८५७ च्या धुमाळीत. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेला 'माझा प्रवास' मराठीला मिळाला तो त्यांचा बेत फसला म्हणून. तसे काही आमच्या वाट्याला येऊ नये, अशीच प्रार्थना आहे. तरी प्रवासाच्या बेतात त्याचा शेवट आधीच लिहिलेला नसावा, हे त्या पुस्तकाने आपल्याला शिकवायला हरकत नाही.

शेवटी अर्जासाठी यादी पुन्हा टंकलिखित केली. व्हेनिस तीन, बोलोन्या तीन, फ्लॉरेन्स दोन, रोम तीन. सातव्या दिवसापुढे लिहिले आहे: 'बोलोन्या ते फ्लॉरेन्स, रेल्वेने.' चाळीस मिनिटांच्या त्या अंतराला अख्खी सकाळ का लागणार, असे कोणी खिडकीपलीकडून विचारलेच, तर मध्ये एक घाट आहे, असे सांगायचे ठरले आहे.