विश्लेषण : पूरबचावासाठी बोट निवडताना काय पाहावे? ‘रिब’ प्रत्येक गावाला उपयोगी का नाही?

कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्याने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिले. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोटच उलटली आणि अनेकांचा बळी गेला. तेव्हापासून नदीकाठच्या गावांत बचाव बोटींची मागणी वाढली आहे. त्यात रिजिड इन्फ्लेटेबल बोट, म्हणजेच ‘रिब’, अनेकांना सर्वोत्तम वाटते. मात्र कोणत्या पाण्यासाठी बोट हवी, हे ठरवल्याशिवाय केलेली खरेदी वाया जाऊ शकते.

रिब म्हणजे काय?

फायबर किंवा अ‍ॅल्युमिनियमचा कडक तळ आणि भोवती हवा भरलेल्या नळ्या, अशी रिबची रचना असते. तळ लाटा कापतो, तर नळ्या बोट तरंगती ठेवतात. नळ्यांमध्ये हवेचे स्वतंत्र कप्पे असल्याने एक फुटला तरी बोट लगेच बुडत नाही. १९६०च्या दशकात वेल्समधील अटलांटिक कॉलेजात निवृत्त रिअर अ‍ॅडमिरल डेस्मंड होअर आणि विद्यार्थ्यांनी ही रचना विकसित केली. ब्रिटनच्या ‘आरएनएलआय’ या बचाव संस्थेने १९७२ मध्ये ‘अटलांटिक २१’ ही रिब सेवेत आणली. थोडक्यात, ही बोट घडली ती खवळलेल्या समुद्रासाठी.

मग पुरात अडचण कोणती?

पुराच्या पाण्यात मोठ्या लाटा क्वचितच असतात. तिथे धोका असतो तो ओढीचा, बुडालेल्या कुंपणांचा, उसाच्या शेतांचा आणि विजेच्या तारांचा. लाटा कापण्यासाठी रिबचा तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खोल असतो, त्यामुळे तिला जास्त खोल पाणी लागते. तिची घडी होत नाही. ट्रेलर, उतार असलेला घाट आणि तिथवर मोकळा रस्ता लागतो. पुरात नेमके रस्तेच बंद होतात. याउलट पूर्ण हवेची रबरी बोट (सैन्यदलांत तिला ‘जेमिनी’ म्हणतात) घडी करून टेम्पोतून नेता येते आणि गल्लीच्या तोंडाशी फुगवता येते. म्हणूनच वस्तीतील बचावासाठी ती सोयीची. रिब शोभते ती किनारा, खाडी आणि मोठ्या जलाशयांवर.

नळ्यांचे कापड का महत्त्वाचे?

किमतीतला मोठा फरक इथे असतो. पीव्हीसी स्वस्त, पण कडक उन्हात लवकर कडक होते. हायपॅलॉन या नावाने ओळखले जाणारे कृत्रिम रबर महाग, मात्र ऊन आणि इंधन अधिक सोसते. बोट वर्षभर छपराखाली राहणार असेल, तर चांगल्या पीव्हीसीवर भागू शकते. उघड्यावर राहणार असेल, तर स्वस्त पर्याय पुढे महाग पडतो.

बोटीत किती माणसे बसवायची?

बोटीवरील क्षमतेची पाटी चालक आणि मदतनीस धरून असते. पाटीवर दहा जण लिहिले असतील, तर एका फेरीत आठच पूरग्रस्त. बोटींच्या मोजणीत माणशी साधारण ७५ किलो धरतात. सोबत बोचकी, सिलिंडर असेल तर माणसे आणखी कमी. बुडत्या गावात ‘अजून दोघांना घ्या’ असा आग्रह होतोच. तो नाकारण्याचा अधिकार चालकाकडे हवा. ब्रह्मनाळमध्येही क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसल्याचे समोर आले होते. महाग बोटही या चुकीपासून वाचवू शकत नाही.

बजेट कसे मांडावे?

बोटीची किंमत हा खर्चाचा केवळ एक भाग. आउटबोर्ड इंजिन, पंख्याभोवतीची संरक्षक जाळी, प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट, दोर, वल्ही, नळी दुरुस्तीचा संच आणि रिब असल्यास ट्रेलर, हे सारे आधीच धरावे लागते. इंजिन नावाजलेले असण्यापेक्षा त्याचे सुटे भाग आणि मेकॅनिक जवळच्या शहरात मिळणे महत्त्वाचे. इंजिनाची ताकद निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेतच हवी. यांत्रिक बोटींना नोंदणी आणि तपासणीचे नियमही लागू होतात. नदी-जलाशयांसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे.

खरेदीनंतर काय?

पूरबचावाची बोट वर्षातील बहुतेक दिवस पडून असते. टाकीत राहिलेल्या जुन्या पेट्रोलने कार्ब्युरेटर चिकटतो आणि ऐन पुरात इंजिन सुरू होत नाही. महिन्यातून एकदा इंजिन चालवणे, वापरानंतर ते गोड्या स्वच्छ पाण्याने धुणे, उन्हात नळ्यांतील वाढलेला दाब कमी करणे, ही कामे कोणाची, हे नावानिशी ठरायला हवे. निधी मर्यादित असेल, तर एका मोठ्या रिबऐवजी दोन साध्या रबरी बोटी आणि चार प्रशिक्षित चालक नदीकाठच्या गावाला अधिक उपयोगी पडतील. एक बोट बंद पडली, तरी दुसरी हाताशी राहते.