खिडकींतलें ब्रह्मकमळ

घरांत ऊन थोडें, वेळ त्याहून थोडा. तेव्हां फुलें देईल असें कोणतें झाड खिडकींत ठेवावें, अशी पृच्छा एका वाचकभगिनीनें केली आहे. आमचें उत्तर एकच : ब्रह्मकमळ.

नांवाविषयीं प्रथम थोडें. हिमालयांत बारा हजार फुटांच्या वर उगवणारें खरें ब्रह्मकमळ निराळें. तें सूर्यफुलाच्या कुळांतलें असून उत्तराखंडाचें राज्यपुष्प आहे. आपल्या कोल्हापुरांत पावसाळ्याच्या रात्रीं फुलतें तें मेक्सिको व मध्य अमेरिका या प्रदेशांतलें, निवडुंगाच्या कुळांतलें झाड. शास्त्रज्ञ त्यास ‘एपिफायलम ऑक्सिपेटलम’ म्हणतात. पहिल्या पदाचा ग्रीक अर्थ ‘पानावरचें’. परंतु ज्यास आपण पान म्हणतों तें वस्तुतः चपटें झालेलें खोड होय. नांव ठेवतांना पंडितही फसतात, हें पाहून आमच्यासारख्या जुन्या शाळामास्तरास किंचित् समाधान वाटतें.

मूळ देशीं हें झाड अरण्यांतील वृक्षांच्या खांद्यांवर वाढतें. तेथें मुळांशीं माती ती केवढी? कुजलेला पालाच काय तो. म्हणून कुंडी लहान, तळाशीं भोंक असलेली घ्यावी. तींत पालापाचोळ्याचें खत, वाळू व विटांचे तुकडे घालावे. सकाळचें कोंवळें ऊन पुरे. वरची माती बोटभर सुकल्यावांचून पाणी घालूं नये. थंडींत तर त्याहूनही कमी.

हें शेवटचें आम्हांस फार महाग पडून कळलें. घरचें झाड आमच्या कुटुंबानें लावलेलें. तिच्या हयातींत तें आठवड्याला तांब्याभर पाण्यावर सुखानें जगे. ती निवर्तल्यावर आम्ही रोज स्नान झालें कीं त्यास पाणी घालूं लागलों. त्यांत पावसाळा आला. येथील पावसांत भिंतींना ओल येते, तेथें कुंडीची काय कथा! एके दिवशीं बुंधा काळा पडलेला व हाताला मऊ लागला. आम्ही नुसते पाहत उभे राहिलों. थोरल्या सूनबाईनें मात्र वरचे दोन निरोगी तुकडे कापून घेतले, जखम सुकावी म्हणून चार-पांच दिवस सावलींत ठेविले आणि मग कोरड्या मातींत रोंविले. म्हणाली, “मामंजी, आतां पाण्याचा तांब्या माझ्याकडे.”

तिसऱ्या वर्षीं, श्रावणांत, खोडाच्या कांठच्या खांचांतून दोन कळ्या आल्या. कळी धरल्यावर कुंडी हलवूं नये. नातवानें फोटोसाठीं ती उजेडांत ओढली आणि एक कळी गळली; त्यास कोणी रागें भरलें नाहीं. दुसरीचें देंठ वांकून तोंड वर झालें, तेव्हां सूनबाईनें ओळखलें कीं आज रात्रीं. नवाच्या सुमारास पाकळ्या सैल झाल्या, मध्यरात्रीं वीतभर फूल उमललें व सोपा सुगंधानें भरला. धाकटीं मुलेंसुद्धां निजलीं नाहींत. पहांटे फुलानें मान टाकली होती.

सध्यां त्याच झाडाचे तीन तुकडे कोनाड्यांत सुकत ठेविले आहेत. दोन लेकींकडे जावयाचे आहेत. तिसरा शेजारच्या वहिनींनीं आधींच सांगून ठेविला आहे.